माळ पेटवायचा मान

वैशाख वद्य अष्टमी, दुपार

प्रिय परसू,

अनेक आशीर्वाद. हे अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंपालटं केलं असशील, की हे पत्र नेमकं आलं कुणाचं. माझंच आहे. आजवर माझी सगळी पत्रं शाळेच्या मास्तरांनी लिहिली. मी दोन वाक्यं सांगायची आणि ते त्यांची सहा करायचे, तेव्हा तुला वाटत असेल आक्का मोठी शहाणी झाली. तू तिसरीत असताना पाटीवर गिरवायचास आणि मी शेजारी बसून धुळीत बोटानं तेच काढायचे, हे तू विसरला नसशील. मला लिहिता येतं हे मी गावात कुणाला कळू दिलं नाही, नाहीतर सगळ्या सासुरवाशिणी माहेरची पत्रं घेऊन माझ्या दारात बसल्या असत्या. आज त्याचा उपयोग झाला. कारण जे लिहायचं आहे ते मास्तरांना सांगता येण्यासारखं नाही. अक्षर वाकडं आहे, पण तुला लागेल.

मी गोठ्यात बसून लिहितेय. इथं आता जागा पुष्कळ आहे. बैल दोन्ही गेले. एक संकेश्वरच्या बाजारात दिला, कुणी नेला ते मला विचारू नकोस. दुसरा दावणीला बसला तो उठलाच नाही. राहिली एकटी पवळी गाय. तिला मी परड्यातल्या छपराचं जुनं गवत उपसून घालते, धूळ झाडून, वर मिठाचं पाणी शिंपडून. निवडुंगाचे काटे चुलीवर भाजून काढून तोही देऊन पाहिला, पण तिनं हुंगून मान फिरवली. ओढ्याकाठच्या वडांना पाला उरलेला नाही, सगळ्या गावानं ओरबाडून नेला. सकाळी उठल्यावर मी आधी ती उभी आहे का ते बघते आणि मग चूल पेटवते.

तुझं मागचं पत्र चावडीत वाचलं. घरातलं पत्र चावडीत कशाला, असं मी म्हणणार होते, पण आप्पा गेल्यापासून आपल्या घरचं सगळंच गावाचं झालंय. तुला खडकीच्या लष्करी कुरणावरून रजा मिळाली नाही हे ऐकून म्हातारी माणसं हळहळली. मग मास्तर त्या ओळीवर आले. तू लिहिलं होतंस, ज्यानं माळ पेटवला तो माझ्या बापाचा खुनी आहे, त्याला गावात ठेवाल तर मी पुन्हा वेशीच्या आत पाऊल टाकणार नाही. नागोजी पाटील उठून म्हणाले, "पोरानं सांगितलं, आता गावानं करायचं." सगळ्यांनी माना हलवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी पदर डोळ्याला लावला. लोकांना वाटलं, मी रडतेय.

त्या एका ओळीनं म्हसवाल्या मष्णूचं काय झालं ते तुला सांगायचं आहे, पण सरळ तिथं जायला हात उचलत नाही. म्हणून मागून सुरुवात करते. माझी सवय तुला माहीतच आहे. बाजाराला निघाले तरी मी आधी चार घरी थांबून जाते.

दोन वर्षांमागे तू रजेवर आलास तो चैत्रच होता. लढाई अजून चालू होती. आल्या दिवशी तू माळावर गेलास आणि परत येऊन जेवला नाहीस. म्हणालास, आक्का, हा माळ नव्हे, हा नुसता दगड आहे. आम्हाला त्यात नवल काय वाटणार. निपाणीच्या वखारींसाठी सगळ्यांनी काळ्या रानात तंबाखू घातली, जोंधळा कमी झाला, कडबा कमी झाला, आणि तंबाखूच्या पानाला तर जनावर तोंड लावत नाही. मग सगळ्या गावाची जनावरं बारा महिने माळावर. वर कुसळीशिवाय काही उगवेना, आणि ती कुसळं शेळ्यांच्या तोंडात रुतायची. तू गावकी बसवलीस. माळाचे दोन वाटे करायचे म्हणालास. एका वाट्यात जनावरं, दुसरा बंद. बंद वाट्यात गवताचं बी गळून पडेपर्यंत ना जनावर, ना विळा. पावसाच्या आधी त्यात धनगरांची मेंढरं बसवायची, म्हणजे खुरांनी बी मातीत जाईल आणि वर लेंडीखत. पुढच्या साली वाटे बदलायचे. आणि एक गोष्ट तू शेवटी सांगितलीस, मान खाली घालून. माळ पेटवायचा नाही.

तेव्हा सगळे आप्पांकडे बघायला लागले. चैत्राच्या अमावास्येला माळ पेटवायचा मान आपल्या घराण्याचा. आपल्या चुलीतला विस्तव मातीच्या पसरट परळीत घालून आप्पा पुढं आणि करंजाच्या ओल्या फांद्या घेऊन गाव मागं, असं सगळं बिरदेवाच्या दगडापाशी जायचं. नारळ फुटायचा, आप्पा वाकून परळ टेकवायचे, आणि धूर वर गेला की म्हाताऱ्या बायका हात जोडायच्या. माळाचा धूर वर जातो तेव्हाच ढग खाली येतो, असं आजा सांगायचा. पन्नास वर्षं हे आप्पांनी केलं. त्यांच्याच पोरानं भर गावकीत ते बंद करायला सांगितलं, आणि आप्पा एवढंच म्हणाले, "पोरगं शिकून आलंय. त्याचं ऐकूया." घरी आल्यावर त्यांनी ती परळ धुऊन फळीवर पालथी घातली. तू खूश होतास, तुझ्या लक्षात आलं नाही. मी पाहिलं होतं.

मष्णू तेव्हाही विरुद्ध बोलला होता. त्याचं मला चूक वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्याला रान नाही त्याची म्हस माळावरच जगते. अर्धा माळ बंद झाला तर सगळ्यात आधी त्याच्या पोटाला चिमटा. तरी त्यानं दोन वर्षांत एक रेडकूसुद्धा बंद वाट्यात घातलं नाही, फक्त तोंड चालवलं. त्याचं तोंड कसं आहे ते तुला माहीत आहे.

पहिल्याच पावसाळ्यात माळ फिरला, हे मी मास्तरांकडून तुला लिहिलं होतं. पण एक गोष्ट सांगायची राहिली. भाद्रपदात आप्पा मला हात धरून वर घेऊन गेले, लहान पोरीला नेतात तसं. खोलगटात बसले आणि एक गवताचं ताट ओठात धरून मला म्हणाले, "ही मारवेल हाय बाया. मी बारा वर्साचा असताना शेवटची बघितलीती." मग पवना दाखवला, आणखी दोन-तीन नावं सांगितली, मला काही ती लागली नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. तुझ्यासमोर ते हे कधी कबूल करणार नव्हते, म्हणून मी करते. त्या दिवसापासून रोज घोंगडं खांद्यावर टाकून ते माळाची राखण करायला जायचे. कुणी सांगितलं नव्हतं. माळाखालच्या विहिरीला माघातसुद्धा पाणी राहिलं तेव्हा ते सगळ्या गावाला सांगत फिरले, की गवतानं पाणी धरून ठेवलं. माझ्या परसूचं गवत, असं म्हणायचे.

आणि मग गेल्या साली पाऊस दसऱ्याच्या आधीच तुटला. जोंधळा गुडघ्याएवढा होऊन वाळला. खुला वाटा जनावरांनी मुळासकट खाल्ला, पण बंद वाटा उभा होता. तुला डोळ्यांनी बघायला मिळायला हवा होता. उंचवट्यावर गुडघ्याच्या वर, खोलगटात कमरेएवढं, वाळून पिवळं झालेलं गवत. सगळं गाव त्याच्याकडे बघून दिवस काढत होतं. गावकीत ठरलं की बी पुरतं गळू दे, कडक उन्हाळा येऊ दे, आणि अखितीला, अक्षय तृतीयेच्या सकाळी, कापायला काढायचं. दारात जनावर असेल त्या प्रत्येक घराला पेंढ्या. त्यावर पावसापर्यंत निभावलं असतं, परसू. कसंबसं, पण निभावलं असतं.

फाल्गुनात मष्णूचं एक रेडकू मेलं. त्याच दिवशी गावकी होती. तो आला आणि म्हणाला, अखिती कशाला, आत्ता काढा. पाटील नाही म्हणाले. तेव्हा तो ओरडला, "मग ह्यो गवताचा देव काय आगीत घालायचाय? एक दिस घालतोच बघा." सगळ्या गावानं ऐकलं. मीही ऐकलं. माणूस रेडकू पुरून आला होता, असं कुणी म्हणालं नाही, मीही नाही.

आता गावानं जे पाहिलं ते लिहिते. चैत्राची अमावास्या, अखितीला तीन दिवस राहिलेले. दुपार टळायच्या सुमारास बिरदेवाच्या मागून धूर दिसला. वारा सुटला होता. लोक ओल्या फांद्या, पोती, घागरी घेऊन धावले. वर पोचले तेव्हा अर्धा वाटा संपला होता, आणि बिरदेवाच्या बाजूनं एकटा मष्णू पळत येत होता, काळाठिक्कर. त्यानंही मग आग बडवली, कोपरापर्यंत हात भाजून घेतले, पण लोकांनी त्याला आधी पाहिलं होतं ते आगीकडून येताना. दिवस मावळायच्या आत वर काही उरलं नाही. गाव खाली आलं तेव्हा आप्पा आपल्या घरात पडले होते, दोन्ही पाय मांड्यांपर्यंत भाजलेले. मी लोकांना सांगितलं, धूर दिसल्याबरोबर ते विझवायला धावले आणि तसेच खुरडत घरी आले. सगळ्यांनी ते ऐकलं आणि मष्णूकडे बघितलं.

आप्पा नऊ दिवस होते. केळीच्या पानावर निजवलं, खोबरेल आणि चुन्याची निवळी लावली. वैद्य म्हणाला, वय झालंय. तुला तार गेली, ती आप्पा गेल्यानंतरची. तिरडी उठली तेव्हा मष्णू वेशीच्या बाहेर उभा होता. त्याला कुणी जवळ येऊ दिलं नाही.

तो तोपर्यंत वाळीत पडला होताच. वाळीत टाकणं म्हणजे काय ते तू लहानपणी एकदा पाहिलं आहेस. न्हावी नाही, विस्तव नाही, देवळाची पायरी नाही, आणि विहीर नाही. माणसांना ओढ्याच्या झऱ्यातलं वाटीवाटीनं पाणी भरता येतं, पण दोन म्हशींना वाटीनं पाणी कसं पाजणार. त्याची बायको सोनाबाई एकदा भर दुपारी, विहिरीवर कुणी नाही असं बघून घागर घेऊन आली. मी तिथंच होते. तिनं मला बघितलं आणि तिच्या जिवात जीव आला. ती आणि मी एका वर्षी या गावात राहायला आलो, ती लग्न होऊन आणि मी नवरा मेल्यावर माहेरी परत. आम्ही एका पाट्यावर मसाला वाटला आहे. ती म्हणाली, "बाया, निस्ती एक घागर वत गं, म्हशीनं जीब भाईर काढलीया." पायऱ्यांवर तेवढ्यात पाटलांची सून दिसली. मी माझी घागर भरली आणि तिच्याकडे न बघता निघून आले. दुसऱ्या दिवशी तिची पहिलारू म्हस मेली. पोटात रेडकू होतं.

हे मी तुला सांगतेय, बाकी कुणाला सांगितलेलं नाही. आता पुढचं ऐक, आणि बसून ऐक.

त्या दुपारी आप्पा फळीवरची परळ काढून घेऊन गेले होते. मी दळत होते. चुलीपाशी खुडबुड ऐकली, वाटलं चिलमीला विस्तव घेताहेत. थोड्या वेळानं परड्याच्या वाटेनं मष्णू आला. त्याच्या खांद्यावर आप्पा होते. तो खुल्या वाट्यात म्हशी घेऊन होता, त्यानं धूर पाहिला आणि धावला. तिथं आप्पा घोंगड्यानं आग बडवत होते आणि त्यांचं धोतर पेटलं होतं. त्यानं ते धोतर हातानं फाडून काढलं, त्यांना उचललं आणि घरामागच्या वाटेनं आणलं, कुणी बघू नये म्हणून. परळही त्यानं जळक्या घोंगड्यात गुंडाळून आणली होती. माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "ह्ये लपीव. म्हाताऱ्याला आत घे, कुणाला काय सांगू नगोस. मी वर जातो." आणि तो त्याच मागच्या वाटेनं, बिरदेवाला वळसा घालून परत आगीकडे गेला. लोकांनी त्याला आगीकडून येताना पाहिलं ते तेव्हा.

मी ती परळ घोंगड्यासकट उकिरड्यात पुरली.

आठव्या दिवशी आप्पांना थोडी शुद्ध होती. मला जवळ बोलावून म्हणाले, "मला धूर पाहिजे हुता गं बाया, जाळ न्हाय." मग हळूहळू सगळं कळलं. दोन वर्षं माळाचा धूर गेला नाही म्हणून पाऊस रुसला, असं त्यांच्या मनात बसलं होतं. आपला बैल दावणीला मेला तेव्हापासून ते धड झोपत नव्हते. तुझा शब्द त्यांना मोडायचा नव्हता. म्हणून त्यांनी ठरवलं, बिरदेवाच्या मागं, कुणाला न सांगता, चार हात जागा पेटवायची. धूर वर गेला की घोंगडं टाकून विझवायचं. मानही राहील, गवतही राहील. परसू, त्यांना आग माहीत होती. कुठून वारा घ्यायचा, कुठं दगडांच्या ओळीशी ती आपसूक मरते, सगळं पाठ होतं. पण त्यांनी पन्नास वर्षं जो माळ पेटवला तो चरून बोडका झालेला माळ होता. तिथं जाळ वीतभर उंच व्हायचा, पोरंसुद्धा पायानं विझवायची. कमरेएवढं गवत त्यांनी जन्मात कधी पेटवलं नव्हतं. या गावात कुणीच पेटवलं नव्हतं, कारण ते कधी होतंच नव्हतं. तू आणलंस तेव्हा आलं.

तुला दोष देत नाही. पण कुणाला द्यावा तेही कळत नाही, आणि तो मष्णूला दिला जातोय, एवढं कळतं.

मी गप्प का बसले असं विचारशील. आधी आप्पा जिवंत होते म्हणून. गावानं त्यांच्या अंथरुणापाशी येऊन थुंकू नये म्हणून. मग ते गेले, आणि सगळं गाव रडलं, आप्पांचं नाव घेऊन, माळ राखता राखता भावकू गेला म्हणाले. मला ते ऐकायला बरं वाटलं, परसू. इतक्या वर्षांत विधवा बायाक्काला कुणी पुढं बसवलं नव्हतं, आता बायका माझ्यासाठी भाकरी घेऊन येत होत्या. मग वाटलं, खरं सांगितलं तर तुझा माळ जाईल. ज्यांनी बंद करायला लावला त्यांनीच जाळला, म्हटल्यावर पुन्हा कोण बंद करणार? पाटलांच्या मनात तो नांगरून तंबाखूला द्यायचं आहेच, नुसतं निमित्त पाहिजे. अशी रोज एक सबब सापडत गेली. रोज वाटायचं, मष्णूच बोलेल. तो काही बोलला नाही. सोनाबाईला एकदा ओढ्यावर गाठून विचारलं, तो का गप्प आहे. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "त्ये म्हणत्यात, मेलेल्या माणसाच्या नावानं बोलायचं न्हाय. आनि बोलून कोण खरं म्हणणार हाय?" आणि मग ती म्हणाली, "तुमच्या घरातनंच येऊ दे." मी तशीच परत आले. त्यानंतर चार दिवसांनी तुझं पत्र आलं.

तुझ्या पत्रानं सगळं पक्कं केलं. येत्या रविवारी दोन गोष्टी ठरल्या आहेत. सकाळी बिरदेवापाशी आप्पांच्या नावाचा दगड उभा करायचा, माळाचा राखणदार म्हणून. आणि तिथूनच मष्णूला घरच्यांसकट वेशीबाहेर काढायचं. त्याला आपल्या बाजूनं शपथ घ्यायचीही मुभा नाही, वाळीत पडलेल्याला देवाच्या भंडाऱ्याला हात लावता येत नाही. पाटील म्हणाले, रीत म्हणून गावाला एकदा विचारू, कुणाला काही सांगायचं असेल तर भंडारा उचलून सांगा. कोण सांगणार आहे. पोरंबाळं आणि एक उरलेली म्हस घेऊन अशा उन्हाळ्यात ती माणसं कुठं जातील? तिकडं बेळगावपर्यंत कुठल्या गावात चारा उरला आहे? सोनाबाईनं परवा भांडी बांधली, मी लांबून पाहिलं.

काल मी माळावर गेले. आप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा. सगळं काळं आहे. बसून मातीत बोट घातलं तर मारवेलीच्या बुडख्यांत अजून ओल होती, आणि दोन-तीन ठिकाणी सुईच्या टोकाएवढं हिरवं बाहेर आलं होतं. पाऊस नाही, काही नाही, तरी. उपाशी जनावरं ते ओरबाडायला वर चढतात. खुल्या वाट्याच्या कडेला बाभळीखाली मष्णू काठी घेऊन बसला होता आणि दुसऱ्यांची गुरं हुसकून लावत होता. आपली म्हस त्यानं बाभळीला बांधली होती. मला बघून तो उठला आणि दुसरीकडे जाऊन बसला. वाळीतल्या माणसाशी बोलताना मी कुणाच्या दृष्टीला पडू नये म्हणून. मला तिथं उभं राहवलं नाही.

आज सकाळी मी उकिरडा उकरला. घोंगडं कुजलं आहे, पण परळ शाबूत आहे. तिच्या काठाला तो जुना टवका आहे, सगळं गाव ती ओळखतं. धुतली नाही, आतली राख तशीच ठेवली आहे. ती माझ्या मांडीशी आहे आणि मी हे लिहितेय, कारण रविवारी मी ती घेऊन बिरदेवापाशी जाणार आहे. पाटील विचारतील तेव्हा मी भंडारा उचलीन आणि सगळं सांगेन. आप्पांचं, परळीचं, मी बोललेल्या खोट्याचं आणि त्या घागरीचंही. आजवर तिथं बाईनं भंडारा उचललेला नाही, पण उचलू नये असं देवानं सांगितल्याचंही मी ऐकलं नाही. तुला आधी सांगतेय ते परवानगी मागायला नव्हे. आपल्या बापाचं नाव तू गावाच्या तोंडून, बाजारात आलेल्या कुणाकडून ऐकू नयेस, एवढ्यासाठी. हे तुला गुरुवारपर्यंत मिळेल. रजा मिळाली तर ये आणि माझ्या शेजारी उभा राहा. मिळाली नाही तर चावडीच्या पत्त्यावर तार कर, की माझी ओळ मी मागे घेतो. मष्णूला काढणारी ओळ तुझी आहे, ती माझ्या तोंडून पुसली जाणार नाही. आणि मला घरातून काढलं, मलाच वाळीत टाकलं, तर पवळीला मष्णूच्या दावणीला बांधून येईन, तो तिला मरू देणार नाही. माझ्यावर रागावायचं असेल तर रागाव, पण आधी तार कर. माळ पेटवायचा मान आपल्या घराचा होता. आपण पेटवला, हे सांगायचं कामही आपल्याच घराचं.

तुझीच,
बायाक्का